मंडळाची वेबसाइट आणि दिवंगत नाना

आमच्या बुद्धिबळ मंडळात कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. त्यामुळे नाना वारल्याची बातमी साफ खोटी असूनही मंडळाच्या वेबसाइटवर वर्षानुवर्षं सुखाने नांदत होती. खुद्द नाना रोज संध्याकाळी येतात, खिडकीजवळच्या टेबलावर बसतात, समोरच्याला हरवतात आणि छत्री घेऊन घरी जातात. पण साइट उघडलीत तर 'दिवंगत संस्थापक' असा मथळा, त्याखाली एका बाकावर बसलेल्या चौघांचा फोटो आणि फोटोखाली चौघांची नावं. त्यातले तिघे खरोखरच गेलेले. चौथे नाना.

चूक अध्यक्षांच्या जावयांची. नवीन लग्न झालेलं असताना सासऱ्यांवर छाप पाडायला म्हणून त्यांनी ही साइट बांधली, आणि तीसुद्धा स्वतः लिहिलेल्या कुठल्याशा प्रोग्रॅममध्ये, ज्याची दुसरी प्रत जगात नाही. फोटो एकच होता म्हणून पानही एकच केलं. छाप पडली, जावई दूरच्या शहरात नोकरीला गेले आणि पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. विचारलं की "बघतो" म्हणतात. जावयाला एकच गोष्ट दोनदा विचारणं अध्यक्षांच्या जिवावर येतं. त्यामुळे नाना तसेच राहिले.

नानांचंही काही म्हणणं नव्हतं. "माझं काय अडतंय?" म्हणायचे. अडलं ते गेल्या वर्षी. ज्येष्ठांची स्पर्धा भरवणारी मंडळी नावं नोंदवण्याआधी प्रत्येक मंडळाची साइट बघतात आणि तिथे असेल तेच खरं धरतात. त्यांनी आमची बघितली, हळहळले आणि नानांचं नाव यादीतून काढलं. नाना बिचारे स्पर्धेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पोचले, तर सगळा हॉल माना खाली घालून उभा. नाना सभ्य माणूस. तेही उभे राहिले. दोन मिनिटं झाल्यावर शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण गेलं हो?" शेजारच्याने सांगितलं. नानांनी तिथल्या तिथे आपण जिवंत असल्याचं जाहीर केलं, लोकांना आनंदही झाला, पण जोड्या लावून झाल्या होत्या. यंदाची नोंदणी सुरू झाली तसे ते थेट माझ्या टेबलाशी आले.

"सचिव, यंदा मला खेळायचंय," ते म्हणाले. "नोंदणी बंद व्हायच्या आत मला जिवंत करा. या वयात दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणायची सोय नसते."

आता सचिव मी असलो, तरी हे काम माझं का व्हावं? तर आमच्या मंडळाच्या एका प्रथेमुळे. बुद्धिबळात मोहऱ्याला हात लावला की तेच मोहरं हलवावं लागतं, हे जगाला ठाऊक आहे. आमच्याकडे हा नियम पटापुरता नाही. मंडळात ज्याने ज्या वस्तूला हात लावला, त्याने ते काम निभवायचं. एक सभासद गळणाऱ्या नळाला नुसता टेकला होता, तो अजून नळ बघतो. म्हणूनच आमच्या सभांमध्ये सगळे हात मांडीखाली घेऊन बसलेले दिसतील. त्या दिवशी मी नानांना धीर द्यावा म्हणून कचेरीतल्या संगणकापाशी गेलो आणि साइट दाखवायला म्हणून कळफलकावर बोट ठेवलं.

"हात लावलात!" मागून खजिनदारांचा आवाज आला. एवढा आनंद मी त्यांच्या आवाजात त्यांच्या मुलाच्या लग्नातही ऐकला नव्हता.

माझी पात्रता सांगतो. माझी सगळी नोकरी विमा कचेरीत मृत्यूचे दावे तपासण्यात गेली. मेलेला माणूस खरंच मेलाय ना, याची खात्री करून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही. उलट दिशेचा अनुभव शून्य. संगणकाचं म्हणाल तर दरवेळी मुलीला फोन करावा लागतो, आणि ती पहिलं वाक्य "बाबा, आधी शांत बसा" हेच म्हणते.

मुलीनेच मार्ग सांगितला. जावयांच्या प्रोग्रॅमच्या वाटेला जायचं नाही. एक ओपन सोर्स कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम घ्यायची, म्हणजे पानं भरायचं तयार कपाटच म्हणा. त्यात जुनी पानं एकेक करून हलवायची आणि मंडळाचा इंटरनेटवरचा पत्ता त्या नव्या साइटकडे वळवायचा. पत्ता सुदैवाने मंडळाच्याच नावावर होता. सगळं फुकट आणि कुणीही वापरावं असं.

"फुकट?" बायको म्हणाली. "मग तुमचं मंडळ घेणार नाही."

ती मंडळात कधी आलेली नाही, पण तिला मंडळ कळतं. तिने आणखी एक विचारलं, की माळ्यावर जी खोकी या घरात राहायला आल्यापासून तशीच बांधलेली आहेत, त्यांचं स्थलांतर आधी होणार की मंडळाचं? मी विषय बदलला.

वरच्या मजल्यावरचे शेजारी तेवढ्यात खाली आले. ते प्रिंटर दुरुस्त करतात, त्यामुळे इमारतीत संगणकाच्या कुठल्याही विषयावर शेवटचा शब्द त्यांचा. "ओपन सोर्स?" त्यांनी चहाचा कप घेता घेता मान हलवली. "म्हणजे दार सताड उघडं. उद्या कुणीही येईल, तुमच्या नानांच्या जागी आपल्या काकांचा फोटो लावून जाईल." मी म्हटलं, तसं नसतं, प्रोग्रॅम कसा लिहिलाय ते कुणालाही वाचता येतं, एवढाच त्याचा अर्थ. "हेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि दुसरा कप घेतला. जाताना "काही अडलं तर हाक मारा, पण प्रिंट काढू नका, महाग पडतं," असंही सांगून गेले.

बायकोचं भाकीत सभेत खरं ठरलं. आमचे खजिनदार निवृत्त लेखापरीक्षक आहेत. हरकत हा त्यांचा श्वास. "फुकट वस्तू घेण्याची नियमावलीत तरतूद नाही," ते म्हणाले. "देणगी म्हणून दाखवता येईल. देणगीदार कोण?"

"जगभरातले लोक आहेत," मी म्हणालो. "हजारो. प्रत्येकाने थोडं थोडं लिहिलंय."

"मग सगळ्यांना आभाराची पत्रं जायला हवीत. देणगीदाराला सहीचं पत्र ही मंडळाची प्रथा आहे."

अध्यक्षांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हजारो सह्या त्यांना दिसायला लागल्या असाव्यात. ते घाईने म्हणाले, "एकच पत्र लिहू आणि साइटवर लावू. ज्याचं त्याने वाचून घ्यावं." हा ठराव मंजूर व्हायला अख्खी संध्याकाळ गेली. पत्राच्या मायन्यावर दुसरी संध्याकाळ गेली, कारण त्या हजारोंमध्ये थोरले किती आणि धाकटे किती हे कळेना, त्यामुळे साष्टांग नमस्कार की अनेक आशीर्वाद हे ठरेना. नाना खिडकीजवळ बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "माझं कधी घेताय?" अध्यक्ष म्हणाले, "विषयपत्रिकेप्रमाणे."

विषयपत्रिकेप्रमाणे नाना शेवटी आले आणि तिथे खजिनदारांनी खरा घोळ घातला. जावयांनी केलेली साइट त्या वेळच्या सभेने 'मजकुरासह' मंजूर केली होती. म्हणजे नाना दिवंगत आहेत हा मंडळाचा ठराव होता. ठराव रद्द करायला ठराव हवा आणि त्याला आधार हवा.

"मी इथे बसलोय की!" नाना म्हणाले.

"बसलाय हे दिसतंय," खजिनदार म्हणाले. "पण दिसणं वेगळं आणि कागदोपत्री असणं वेगळं. हयातीचा दाखला आणा. आणि यावर तुम्हाला मत देता येणार नाही. विषय तुमचा स्वतःचा आहे."

विमा कचेरीत मी उभा जन्म असंच बोलत आलो. पण ते समोरून ऐकायला किती वाईट लागतं हे त्या संध्याकाळी कळलं. माझा पाराच चढला. मी म्हणालो, "अहो, माणूस रोज तुम्हाला हरवतो!" खजिनदार म्हणाले, "त्याचा इथे संबंध नाही." नाना उठले. छत्री घेऊन घरी गेले. पुढे ते दाखला आणायला गेले, तर तिथल्या कारकुनाने चौकशी म्हणून आमचीच साइट उघडून पाहिली.

तिकडे पानं हलवण्याचं काम चालूच होतं. जावयांनी साइट कुठल्याशा जुन्या फाँटमध्ये लिहिली होती. तो मजकूर नव्या कपाटात ठेवला की त्याची चिन्हं, आकडे आणि उलटे स्वल्पविराम व्हायचे. जिंकलेल्या डावांची पानं मी पुन्हा टाइप केली. नियमावलीचं पान तेवढं राहून गेलं आणि पत्ता नव्या साइटकडे वळवला तेव्हा तसंच लोकांपुढे गेलं. ते बरेच दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि कुणाचीही तक्रार आली नाही. अध्यक्षांनी तर ते शेवटपर्यंत वाचलं आणि कलम नऊ थोडं कडक वाटतं, एवढंच म्हणाले.

मग आला हुद्द्यांचा प्रश्न. या सिस्टिममध्ये प्रत्येकाला एक हुद्दा द्यावा लागतो. सगळ्यात वर प्रशासक, मग संपादक, मग लेखक, आणि तळाला नुसतंच वाचणारा सदस्य. मुलीच्या सांगण्यावरून मी स्वतःला प्रशासक केलं आणि अध्यक्षांना संपादक. अध्यक्षांनी ते पाहिलं. घसा साफ केला, उठले, खिडकीपर्यंत जाऊन आले. "नाही, ठीक आहे," ते म्हणाले. "संपादक हेही सन्मानाचंच पद आहे." ज्यांनी आयुष्यात वरिष्ठांखाली काम केलंय त्यांना हा आवाज ओळखता येतो. मी त्यांना तिथल्या तिथे प्रशासक केलं. ते पाहून खजिनदारांनी हरकत घेतली, त्यांनाही केलं. दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीतला एकूणएक माणूस प्रशासक होता. मी नानांनाही विचारलं. ते म्हणाले, "मी आधी जिवंत होतो, मग प्रशासक व्हायचं बघू."

मुलीला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी एकूण प्रशासक किती ते मोजून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आता शांत बसा. मीही शांत बसते."

एवढे प्रशासक एका साइटवर सोडल्यावर जे व्हायचं ते झालं. अध्यक्षांनी स्वतःचा फोटो मोठा केला. खजिनदारांनी तो नियमात बसत नाही म्हणून लहान केला. अध्यक्षांनी पुन्हा मोठा केला. दोघं शेजारी शेजारी बसून, एकमेकांशी एक शब्द न बोलता, हा डाव खेळत राहिले. मी मधे पडलो नाही. निदान नानांच्या पानाला कुणी हात लावत नव्हतं, एवढं समाधान होतं. त्या पानावर मी 'हयात संस्थापक' असा मसुदा तयार ठेवला होता, फक्त ठराव व्हायचा होता आणि नोंदणीची मुदत जवळ येत चालली होती.

त्यातच एका दुपारी खजिनदार एकटेच संगणकापाशी बसले. त्यांना म्हणे पानं मोजायची होती. पानं मोजायला त्यांनी सगळी पानं निवडली. नंतर माऊस जो घसरला तो 'कचऱ्यात हलवा' या शब्दांवर जाऊन दाबला गेला. सिस्टिम सज्जन आहे. तिने विचारलं, खात्री आहे का? शेजारी 'रद्द करा' अशी सोयही ठेवली. मी नेमका तेव्हाच दारातून आत येत होतो.

"रद्द! रद्द करा!" मी ओरडलो.

खजिनदारांनी मला जे उत्तर दिलं ते मी जन्मात विसरणार नाही. "हात लावला आहे," ते म्हणाले, ताठ बसले आणि त्यांनी होकार दाबला.

साइट गेली. डाव गेले, नियमावली गेली, अध्यक्षांचे लहानमोठे फोटो गेले, हजारोंना लिहिलेलं आभाराचं पत्र गेलं. नाना दिवंगतही राहिले नाहीत आणि हयातही नाहीत. मी खुर्चीत बसलो. मला रडू येईल असं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की कचरा अजून रिकामा झालेला नाही, एका क्लिकवर सगळं परत येईल.

"परत?" खजिनदार म्हणाले. "चाल परत घ्यायची? या मंडळात आजवर कुणी चाल परत घेतलेली नाही."

तातडीची सभा बसली. कचऱ्यातून पान उचलणं म्हणजे चाल मागे घेणं की नवी चाल, यावर अशी चर्चा झाली की बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने कान टवकारावेत. शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. मारलेली मोहरी पटाच्या बाजूला ठेवतात, तसा हा कचरा. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की बाजूला पडलेला वजीर परत पटावर येतो. तेव्हा मेलेलं परत आणायला आधार आहे. फक्त ते प्याद्यानेच आणायला हवं. एवढं बोलून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सचिव म्हणून निवडून आलेल्या माणसाला भर सभेत प्यादं म्हणतात, आणि त्याला त्यातच आनंद मानावा लागतो. मी मुकाट्याने उठलो.

पण या चर्चेत साइट चांगली दोन-तीन दिवस कोरी राहिली होती, आणि नेमकी त्याच दिवसांत स्पर्धेच्या आयोजकांनी ती उघडली. त्यांचं पत्र आलं. आपलं मंडळ आपल्यातून निघून गेल्याचं कळून अतीव दुःख झालं, यंदाच्या स्पर्धेत पहिल्या फेरीआधी अध्यक्ष, खजिनदार आणि सर्व कार्यकारिणीच्या स्मरणार्थ दोन मिनिटं स्तब्धता पाळण्यात येईल.

अध्यक्षांनी पत्र वाचलं आणि खजिनदारांकडे दिलं. खजिनदारांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे बेकायदेशीर आहे," ते म्हणाले. "आम्हाला विचारल्याशिवाय? आम्ही इथे बसलोय की!"

खिडकीजवळून नाना म्हणाले, "बसलाय हे दिसतंय."

अध्यक्षांनी विषयपत्रिका बाजूला सारली. नानांना हयात ठरवण्याचा ठराव त्यानंतर एवढ्या वेगाने मंजूर झाला की तो लिहून घेताना माझं पेन मागे पडलं. दाखल्याचा विषयही कुणी काढला नाही. मी सगळी पानं परत आणली, 'दिवंगत संस्थापक' पानावरून नानांचं नाव उचललं, फोटोतून त्यांना कापून घेतलं आणि त्यांच्यासाठी केलेलं नवं पान प्रसिद्ध केलं. स्पर्धावाल्यांना कळवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं, माफी मागितलेलं, आणि सोबत नानांची नोंदणी पक्की झाल्याचं. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी माळ्यावरचं एक खोकं उतरवलं. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी नानांना खुर्चीत बसवून पान दाखवलं. मथळा 'हयात संस्थापक'. खाली फोटो. बाकावरच्या चौघांतून मी नानांना नीट कापून काढलं होतं आणि माझ्या मते काम सफाईदार झालं होतं. आम्ही सगळे मागे उभे होतो. शाबासकी येईल म्हणून मी थोडा पुढे उभा होतो.

नाना पडद्याकडे वाकले. मग बोट पडद्याजवळ नेऊन म्हणाले, "हा हात कुणाचा, माहितीय?"

तेव्हा मला दिसलं. फोटो कापताना नानांच्या खांद्यावरचा एक हात तसाच राहिला होता. मनगटापर्यंतच. पुढे माणूस नव्हता.

"आमच्यात तो एकटाच असा होता, की हरला की जिंकणाऱ्याच्या खांद्यावर हात टाकायचा," नाना म्हणाले. "त्या दिवशी मी जिंकलो होतो." जरा थांबून म्हणाले, "मला परत तिकडे टाका, सचिव."

"नाना, एवढं सगळं केलं ते..."

"चांगलं केलंत. उपकार आहेत. पण इथे मी एकटाच आहे हो. तिकडे निदान सगळे होते."

शाबासकीची अपेक्षा कुठल्या कुठे गेली. तिकडे टाकावं तर पुन्हा दिवंगत, पुन्हा नोंदणी रद्द. इथे ठेवावं तर तो हात. नानांनीच वाट काढली. त्यांनी जुनं पान उघडायला सांगितलं, चौघांचा अख्खा फोटो पुन्हा त्यावर ठेवायला लावला, चारही नावं खाली लिहायला लावली आणि मग मथळ्यातल्या पहिल्या शब्दाकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढा काढा."

मी 'दिवंगत' काढला. उरलं नुसतं 'संस्थापक', आणि खाली बाकावर चौघे.

मागून खजिनदारांनी घसा साफ केला. हरकत येणार हे सगळ्यांनीच ओळखलं. "तसं चालेल," ते चाचरत म्हणाले, "पण मग ते तिघेही हयात आहेत असा समज होईल. स्पर्धावाले साइट बघून त्यांचीही नावं नोंदवतील. पटावर बोलावतील. मग काय सांगायचं?"

"नोंदवू देत की," नाना म्हणाले. "घड्याळं चालू करून ठेवा म्हणावं. तिघेही कधी वेळेवर आले नाहीत."

खजिनदारांनी हरकतीसाठी उचललेलं बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "अनुमोदन."